ज्येष्ठांचे घरात पडणे कसे टाळावे? जिना, न्हाणी आणि रोजची औषधे

घरातले वयस्कर माणूस पडले की घरचे लोक साधारण दोनच कारणे सांगतात: "पाय घसरला" किंवा "वय झालं." पहिले कारण अर्धेच खरे असते आणि दुसऱ्यातून काहीच कळत नाही. पाय घसरला तो त्याच पायरीवर का, त्याच वेळी का, आणि घसरल्यावर तोल का सावरला नाही, हे विचारले की बहुतेक वेळा दुरुस्त करता येईल असे काहीतरी सापडते.

पासष्टीच्या पुढच्या लोकांपैकी साधारण एक तृतीयांश जण वर्षातून एकदा तरी पडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडण्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार मृत्यू होतात. अपघाती इजांमुळे होणाऱ्या मृत्यूंत रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो. अर्थात पडणाऱ्या प्रत्येकाचे हाड मोडत नाही. पण खुब्याचे हाड मोडले तर वयस्कर माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळतो आणि मग पाठीला जखमा, छातीत कफ, न्यूमोनिया, पायातल्या शिरेत रक्ताची गाठ असे प्रश्न सुरू होतात. जीव जातो तो बहुधा यांनी. पाळी गेल्यावर हाडे लवकर ठिसूळ होतात, म्हणून स्त्रियांची हाडे जास्त मोडतात.

जिना

आपल्या गोंदिया जिल्ह्यातली घरे डोळ्यांपुढे आणा. जुने कवेलूचे घर असेल तर माळ्यावर जायला उभी लाकडी शिडी असते. नवे स्लॅबचे घर असेल तर जिना बहुधा बाहेरच्या अंगाने, उघड्यावर आणि एका बाजूने मोकळा असतो. घर बांधताना पैसा पाया, भिंती आणि स्लॅबवर जातो. रेलिंग "मागून बसवू" म्हणून राहते, आणि ते मागून कधीच येत नाही. घरकुलाच्या घरांत तर हे सर्रास दिसते. वर राहायला कोणी नसले तरी जिना वापरात असतो. धान, मिरच्या, वड्या, पापड वाळवायला आजी दिवसातून चारदा वर जाते, आणि माकडे आली की पाचव्यांदा घाईने जाते. ती घाईची फेरी मला सगळ्यांत धोक्याची वाटते. माकडांना हाकलायचे काम घरातल्या तरुणाकडे द्या. कोणी नसेल तर पापड गेले तरी चालतील.

जिन्यावरून पडणे बहुतेक उतरताना होते, आणि त्यातही सुरुवातीच्या किंवा शेवटच्या एकदोन पायऱ्यांवर. उतरताना सगळे वजन एका वाकलेल्या गुडघ्यावर येते. मांडीचे स्नायू कमजोर असतील तर तो गुडघा मध्येच सोडून देतो. शेवटच्या पायरीचे कारण वेगळे आहे: जिना संपला असे वाटते, पण एक पायरी उरलेली असते.

पायऱ्या सारख्या असणे फार महत्त्वाचे. दोन-तीन पायऱ्या चढल्या की पाय पुढच्या पायरीची उंची मनाशी धरून चालतात, आपण प्रत्येक पायरी बघत नाही. म्हणून मधली एखादी पायरी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरने उंच असली तरी अंगठा अडकतो. नंतर फरशी बसवली, अंगणात भर टाकली की पहिली आणि शेवटची पायरी हमखास वेगळी होते. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या घरात पायरीची उंची जास्तीत जास्त १९ सेंमी आणि पाय ठेवायची जागा कमीत कमी २५ सेंमी असावी. नवे घर बांधत असाल तर मिस्त्रीला हे आधीच सांगा. जागा कमी म्हणून उभा जिना काढायची सवय असते. वयस्करांसाठी उंची १५ ते १६ सेंमी आणि पाऊल टेकायला ३० सेंमी मिळाले तर आणखी चांगले.

आहे तोच जिना सुधारायचा असेल तर मी आधी रेलिंगवर पैसे खर्च करायला सांगतो. मोकळ्या बाजूला कठडा हवाच, पण भिंतीच्या बाजूलाही हात धरायला दांडा लावा. पक्षाघात झालेल्या माणसाचा एकच हात चालतो. चढताना जो दांडा त्याच्या चांगल्या हाताकडे असतो, तो उतरताना दुसऱ्या बाजूला जातो. दांडा गोल हवा, बाहेरून ४ ते साडेचार सेंमी जाडीचा, म्हणजे मूठ पुरी वळते. वेल्डिंगवाल्याकडे सव्वा इंची जीआय पाइप मागितला तर तो बाहेरून सुमारे ४२ मिमी भरतो आणि या कामाला नेमका बसतो. भिंतीपासून ५ सेंमी अंतर ठेवा, नाहीतर बोटे अडकतात. उंची पायरीच्या कडेपासून साधारण ९० सेंमी. आणि एक गोष्ट आवर्जून सांगा, कारण ती सगळेच विसरतात: दांडा पहिल्या पायरीच्या आधी आणि शेवटच्या पायरीच्या पुढेही एक फूट न्यावा. हात दांड्यावर असतानाच पाय सपाट जमिनीवर यायला हवा. रुंद सिमेंटचा कठडा, त्यावर ग्रॅनाइट, दिसायला छान. पण तोल जाताना तो मुठीत धरता येत नाही.

गुळगुळीत टाइल किंवा पॉलिश केलेला कोटा बाहेरच्या जिन्याला लावू नका. लावलेला असेल तर पायरीच्या कडेला खाचा पाडून घ्या किंवा खरखरीत पट्टी चिकटवा. पट्टी सुटून टोक वर आले तर तीच पाडते, तेव्हा अधूनमधून बघत राहा. प्रत्येक पायरीच्या कडेवर पाच सेंमी रुंदीचा पिवळा किंवा पांढरा पट्टा रंगवा. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना सिमेंटच्या पायऱ्या एकमेकींत मिसळलेल्या दिसतात, पट्ट्यामुळे कड कळते. पावसाळ्याचे चार महिने बाहेरच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. ब्लीचिंग पावडर टाकून कडक ब्रशने दर आठवड्याला घासावे. हे काम वयस्करांनी स्वतः करू नये.

दिव्याचे बटण खाली आणि वर दोन्हीकडे हवे. इलेक्ट्रिशियनला टू-वे वायरिंग म्हटले की कळते. लाइट जाण्याची सवय आपल्याला आहेच, म्हणून तिथे चार्जिंगचा बल्ब लावा. पायऱ्यांवर चपला, कांद्याची टोपली, धानाचे पोते ठेवू नका.

चढण्या-उतरण्याची रीत अशी: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी असेल तर ती दुखऱ्या पायाबरोबर हलते. एका पायरीवर दोन्ही पाय आले की मगच पुढची पायरी. एक हात कायम दांड्यावर. याचा अर्थ दोन्ही हातांत ओझे घेऊन जिना चढायचा-उतरायचा नाही. बादली, परात, कपड्यांचा गठ्ठा दुसऱ्या कोणी न्यावा, किंवा पिशवी खांद्याला अडकवावी. आजी नऊवारी किंवा घोळदार साडी नेसत असेल तर उतरताना निऱ्या एका हाताने वर धराव्यात. सोबतच्या माणसाने नेहमी खालच्या बाजूला राहावे: चढताना मागे, उतरताना एक पायरी पुढे, थोडे कमजोर अंगाकडे. हात धरून ओढू नये. ओढल्याने तोल जातो आणि खांदाही निखळू शकतो.

कचारगडची माघ पौर्णिमेची यात्रा किंवा प्रतापगडची महाशिवरात्र, इथे वयस्कर मंडळी श्रद्धेने चढतात आणि त्यांनी चढावे असेच मला वाटते. पण पहाटे गर्दी वाढायच्या आधी जावे, पायात पट्ट्याच्या चपला, हातात काठी असावी आणि उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ ठेवावा. उपाशीपोटी आणि साखरेची गोळी घेऊन चढू नये.

न्हाणी, शौचालय आणि अंगण

ज्या घराला जिनाच नाही तिथेही पडणे होतेच, आणि ते बहुधा ओल्या जागी. न्हाणीत आणि शौचालयात धरायला भिंतीत पक्का बसवलेला दांडा लावा. नळ, टॉवेलचा रॉड किंवा बादलीची कड हा आधार नव्हे, वजन पडले की तो हातात येतो. प्लास्टिकच्या हलक्या स्टुलापेक्षा चार पायांची, रबरी बूट असलेली खुर्ची घेऊन बसून अंघोळ करावी. दाराला आतून कडी लावू नये. बाहेरच्यांनी खाकरून जायची सवय लावली की झाले. दार बाहेर उघडणारे असावे, कारण आत पडलेला माणूस दाराला टेकलेला असेल तर आत उघडणारे दार ढकलता येत नाही.

भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसून उठताना गुडघे साथ देत नाहीत आणि रक्तदाबही खाली येतो. त्यावर ठेवायची लोखंडी कमोड खुर्ची मिळते. शौचालय सांदवाडीत, घरापासून लांब असेल तर रात्रीपुरती ती खाटेजवळ ठेवावी. लाज वाटते म्हणून अनेक जण नको म्हणतात. तेव्हा रात्री दोन वाजता ओल्या अंगणातून जाण्यापेक्षा हे बरे, असे मुलीने किंवा नातीने समजावले तर ऐकतात. डॉक्टरचे म्हणणे इथे फारसे चालत नाही.

उन्हाळ्यात कूलर. त्याची वायर आणि पाण्याचा पाइप खोलीच्या मधून जातो, टाकी भरताना पाणी सांडते, आणि दुपारी झोपेतून उठलेले आजोबा त्याच ओल्या टाइलवर पहिले पाऊल ठेवतात. कूलर भिंतीकडेने लावा, पाणी सांडले तर लगेच पुसा.

पायातल्या निळ्या-पांढऱ्या स्लीपरचा तळ हाताने चाचपून बघा. गुळगुळीत झाला असेल तर ती स्लीपर आजच फेकावी. मागे पट्टा असलेली, पातळ पण खरखरीत तळाची चप्पल बरी. आपल्या भागात हत्तीरोगाने सुजलेले पाय अजून दिसतात. अशा पायाला कोणतीच तयार चप्पल बसत नाही, म्हणून माणूस अनवाणी किंवा अर्धी चप्पल घालून चालतो. त्यांच्यासाठी मोचीकडून मापाची चप्पल करून घ्यावी. मधुमेह्यांनी तर घरातही अनवाणी फिरू नये.

पडण्याचे कारण शरीरात असेल तर

घर कितीही नीट केले तरी एक प्रश्न उरतो: पडण्याआधी चक्कर आली होती का? डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत धडधडले, किंवा कसे पडलो तेच आठवत नाही, असे असेल तर ते घसरणे नव्हे. अशा वेळी ईसीजी आणि पूर्ण तपासणी लागते.

सगळ्यांत जास्त सापडणारे कारण म्हणजे उभे राहिल्यावर रक्तदाब उतरणे. पाच मिनिटे आडवे झोपवून रक्तदाब मोजायचा, मग उभे करून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर दोष आहे. ही तपासणी कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. दवाखान्यात गेलात की "उभं करून पण बीपी बघा" असे तुम्हीच म्हणा. आमच्याकडे गर्दीत बसवूनच मोजले जाते, हे खरे आहे. मे महिन्यात ४४-४५ अंशांच्या उन्हात घाम जातो, पाणी कमी प्यायले जाते आणि रक्तदाबाची, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी हिवाळ्यात होती तेवढीच चालू राहते. मग सकाळी खाटेवरून उठताना माणूस कोसळतो. गोळी स्वतःहून बंद करू नका, पण उन्हाळा लागताच एकदा रक्तदाब दाखवून मात्रा विचारून घ्या. उठताना आधी कड वळा, पाय खाली सोडून एक-दोन मिनिटे बसा, पावले वर-खाली हलवा, मग उभे राहा.

पुढील औषधे चालू असतील तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा: झोपेच्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, मुंग्या येण्यासाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन, प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन किंवा प्राझोसिन, सर्दी-खाजेच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, मधुमेहाची ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन. यांतली कोणतीही वाईट नाही, पण दोन-तीन एकत्र आल्या की पाय लटपटतात. झोपेची गोळी वर्षानुवर्षे चालू असेल तर एकदम सोडू नये, हळूहळू कमी करावी लागते. वेगवेगळ्या तीन डॉक्टरांची औषधे असतील तर सगळी पाकिटे एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांपुढे मांडा. संध्याकाळी मोहाची घेण्याची सवय असेल तर तेही सांगा. आम्ही रागावत नाही, पण त्या दिवशी झोपेची गोळी घ्यायची नसते हे सांगावे लागते.

तोंड धुताना डोळे मिटले की झोका जातो, अंधारात चालवत नाही, चप्पल पायातून निघाली तरी कळत नाही: ही पायांच्या नसा कमजोर झाल्याची लक्षणे. मधुमेह हे मोठे कारण आहे, पण मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेणाऱ्यांत आणि शाकाहारी लोकांत बी-१२ ची कमतरताही तपासून घ्यावी, कारण ती भरून काढता येते.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबवू नका. एका डोळ्याची झाली आणि दुसऱ्याची राहिली तर दोन डोळ्यांच्या नजरेत फरक पडतो आणि पायरीची खोली चुकते. दुहेरी नंबरच्या चष्म्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो. जिना उतरताना त्यातून पायरी धूसर दिसते. मान खाली वाकवून वरच्या भागातून पाहावे, किंवा चालण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा ठेवावा.

ड जीवनसत्त्वाबद्दल थोडे. कमतरता असेल तर ती भरून काढावीच. पण "हाडं मजबूत होतील" म्हणून एकदम मोठा डोस घेणे चुकीचे. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट दिले गेले, तेव्हा त्यांचे पडणे कमी न होता वाढले. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. साठ हजारांची पाकिटे किती आठवडे घ्यायची हे लिहून घ्या आणि तिथे थांबा.

घरी करायची परीक्षा आणि व्यायाम

खुर्चीपासून तीन मीटरवर, म्हणजे दहा फुटांवर खडूने रेघ मारा. आजोबांनी खुर्चीवरून उठायचे, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचे, वळून परत येऊन बसायचे. मोबाइलवर वेळ लावा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला आहे. परीक्षा करताना कोणीतरी बाजूला उभे राहावे.

तोल आणि पायांची ताकद वाढवणाऱ्या व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होते, असे शंभरहून जास्त चाचण्या एकत्र तपासून दिसले आहे. एवढा पुरावा दुसऱ्या कुठल्याही एका उपायाला नाही. "जन्मभर रोवणी केली, आता काय व्यायाम" असे बायका म्हणतात. ताकद तेव्हा होती, पण शेत सुटल्यावर ती दोन-चार वर्षांत उतरते. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणे दहा वेळा, हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे दहा वेळा, आणि एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावून दहा सेकंद उभे राहणे, हे आठवड्यातून किमान तीन दिवस करावे. एकदा पडलेला माणूस भीतीने चालणेच सोडतो आणि त्यामुळे पाय आणखी कमजोर होतात. त्याला "बसून राहा" म्हणणे ही काळजी नव्हे.

पडल्यावर काय करावे

लगेच उठवू नका. आधी शुद्ध, डोके, मान आणि दोन्ही पाय बघा. एक पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेरच्या बाजूला वळले आहे, मांडी हलवता येत नाही, तर खुबा मोडला असे समजा. उभे करून बघू नका, मालीश करू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका. दोन्ही पाय एकत्र बांधून, फळीवर किंवा खाटेवर आडवे ठेवून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने दवाखान्यात न्या. खुब्याची शस्त्रक्रिया शक्यतो एक-दोन दिवसांत झाली तर माणूस पुन्हा चालण्याची शक्यता चांगली असते. "या वयात ऑपरेशन कशाला" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तर असे की या वयात तीन महिने पडून राहणेच शरीराला जास्त महाग पडते.

दुखत नसेल तर स्वतः उठण्याची रीत शिकवून ठेवा: कड वळायचे, हात-गुडघ्यांवर यायचे, रांगत पक्क्या खुर्चीपर्यंत किंवा खाटेपर्यंत जायचे, तिच्यावर हात टेकून चांगला पाय पुढे घ्यायचा, वर उठून वळून बसायचे. एकटे राहणाऱ्यांनी मोबाइल चार्जिंगला न ठेवता खिशात किंवा कमरेच्या पिशवीत ठेवावा.

डोक्याला मार लागला आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील (ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन), तर जखम दिसत नसली तरी त्याच दिवशी दाखवा. मेंदूभोवती हळूहळू रक्त साचून दोन ते सहा आठवड्यांनी लक्षणे येऊ शकतात. पडल्यावर महिनाभराने आजी गप्प गप्प राहते, झोपून असते, एका अंगाने चालताना ओढते, तर ते "वय झालं" म्हणून सोडू नका. सीटी स्कॅनमध्ये ते दिसते आणि उपचाराने पुष्कळ जण बरे होतात.

उभ्या उंचीवरून साधे पडून हाड मोडले, तर हाड जोडल्यावर ठिसूळपणाचेही औषध सुरू करायला सांगा. प्लास्टर निघाले की लोक ते विसरतात आणि दुसरे हाड मोडते.

मदत कुठे मिळते

काठी, वॉकर, कमोड खुर्ची, चष्मा, कानाचे यंत्र यांसाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ पासून आहे. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना तीन हजार रुपये एकदाच खात्यात मिळतात. अर्ज सध्या घेतले जात आहेत का, ते समाज कल्याण कार्यालयात विचारून घ्या. वॉकर आणला की त्याची उंची नीट लावा: सरळ उभे राहून हात सैल सोडले की मूठ मनगटाच्या रेषेत आली पाहिजे. ७० वर्षांपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. कार्ड आधीच काढून ठेवा, खुबा मोडल्यावर आधार कार्ड शोधत बसायला वेळ नसतो. वयस्करांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे.